पुस्तकांची भिशी: सहा जणांत वर्षभराचं वाचन कसं बसवावं

वर्षभर मिळून वाचायचं ठरवलेली मित्रमंडळी साधारण मार्चपर्यंत थंडावतात. आळस हे कारण सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. पण नीट पाहिलं तर एखादं पुस्तक कुणाच्या तरी उशाशी अडकून पडलेलं असतं, पुढच्याच्या हातात वाचायला काही नसतं, आणि मागायचं तर संकोच आड येतो. म्हणून इथे कसं वाचावं याबद्दल कमी आणि पुस्तक हलतं कसं ठेवावं याबद्दल जास्त लिहिलं आहे. ज्यांनी भिशी चालवली आहे त्यांना निम्मी पद्धत माहीतच आहे: ठरलेला दिवस, ठरलेला क्रम आणि एक वही.

खालची मांडणी सहा जणांसाठी, जानेवारी ते डिसेंबर अशी, पुण्यातली अंतरं लक्षात घेऊन केली आहे. गुढीपाडव्याला सुरुवात करायची असेल तर जरूर करा. तसं केल्यास मधली सुट्टी गणपतीच्या आसपास येते, काहींना ती जास्तच सोयीची वाटेल.

पायरी १: माणसं मोजा

सहा हा आकडा हिशेबाला सोपा पडतो. प्रत्येकानं स्वतःचं एक पुस्तक चक्रात टाकायचं आणि दर महिन्याला ते पुढच्याकडे सरकवायचं. पाच महिन्यांत ते बाकीच्या पाचही जणांकडून फिरतं आणि सहाव्या महिन्याच्या सुरुवातीला मालकाच्या घरी परत येतं. म्हणजे जानेवारी ते मे पहिली फेरी, जून मोकळा. जुलै ते नोव्हेंबर दुसरी फेरी, डिसेंबर मोकळा. प्रत्येकाची फेऱ्यांतली दहा पुस्तकं होतात, आणि जून-डिसेंबरात आपापल्या आवडीचं एकेक धरलं की बारा.

चौघंच असाल तर तीन महिने फिरवायचं आणि चौथ्या महिन्यात परत, अशा वर्षात तीन फेऱ्या बसतात. तिघं असाल तर चार फेऱ्या. बाराला भाग जाणारा आकडा असला की काही उरत नाही. पाच जणांत दोन फेऱ्या होऊन दोन महिने शिल्लक राहतात, तेही वाईट नाही. सात-आठ जणांचं एकच चक्र मात्र करू नका. पुस्तक इतके महिने बाहेर राहतं की मालकाला त्याचा विसर पडतो, आणि एक जण गळाला तरी सगळ्यांचा क्रम बिघडतो. बारा जण जमले तर सरळ दोन चक्रं करा आणि जूनमध्ये एकत्र भेटा.

माणसं निवडताना 'खूप वाचतो' ही पात्रता फसवी आहे. खूप वाचणाऱ्याकडे आधीच रांगेत वीस पुस्तकं असतात, तुमचं त्यात एकविसावं. वेळेवर येणारा आणि उसनं घेतलेलं परत करणारा माणूस जास्त कामाचा.

पायरी २: पानांचा हिशेब आधी

'वर्षाला पन्नास पुस्तकं' असले आकडे समाजमाध्यमांवर छान दिसतात. नोकरी, घर आणि हिंजवडीचा रोजचा प्रवास सांभाळणाऱ्या माणसासाठी महिन्याला एक हे खरं लक्ष्य आहे. ते जमलं की वरचं वाचन आपोआप होतं.

नेहमीच्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं एक पान सावकाश वाचायला सुमारे दोन मिनिटं लागतात. रोज वीस मिनिटं म्हणजे दहा पानं. अदलाबदल दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ठेवली तर दोन भेटींमध्ये कधी २८ तर कधी ३५ दिवस येतात. हिशेब नेहमी २८ चा धरायचा. त्यातले तीन दिवस पाहुणे, सर्दी, लग्न यांत गेले असं समजा. उरले पंचवीस दिवस, अडीचशे पानं. पहिल्या फेरीत चक्रात टाकायच्या पुस्तकाची हीच कमाल मर्यादा.

दुसऱ्या फेरीत ती १८० वर आणा. जुलै ते नोव्हेंबरात गणपती, नवरात्र आणि दिवाळी तिन्ही येतात, आणि गणपतीचे दहा दिवस पुण्यात वाचन होत नाही, उगाच अपेक्षा ठेवू नये. शिवाय दर महिन्याला सहाही पुस्तकं वेगवेगळ्या हातांत असतात, त्यामुळे 'त्या महिन्यापुरतं बारीक पुस्तक' असं करता येत नाही. अख्खी फेरीच हलकी ठेवावी लागते.

पानांची संख्या बघतानाच टाइपही बघा. जुन्या आवृत्त्यांमध्ये बारीक अक्षर आणि दाट ओळी असतात, तिथे एका पानाला तीन-चार मिनिटंही लागतात. शंका असेल तर घड्याळ लावून पंधरा मिनिटं वाचा आणि किती पानं झाली ते मोजा. सहाशे पानी कादंबरी वाचायचीच असेल तर ती जून किंवा डिसेंबरच्या मोकळ्या महिन्यात घ्या.

पायरी ३: चिठ्ठ्या टाका

वाचन-संकल्पांमध्ये बारा प्रकारांची यादी करून प्रत्येकानं ती भरायची अशी पद्धत असते. चक्रात ती चालत नाही, कारण कुणाला कधी काय मिळणार हे क्रमावर ठरतं. म्हणून प्रकार वाचणाऱ्याला न देता आणणाऱ्याला द्या. डिसेंबरात सहा चिठ्ठ्या करा: कादंबरी, कथासंग्रह, चरित्र किंवा आत्मकथन, प्रवास किंवा निसर्ग, इतिहास किंवा विज्ञान, नाटक आणि कविता मिळून एक. ज्याला जी चिठ्ठी येईल त्यानं त्या प्रकारातली तीन पुस्तकं सुचवायची आणि बाकीच्यांनी व्हॉट्सॲपवर मतदान करून एक उचलायचं. तिघांनी आधीच वाचलेलं पुस्तक बाद. दुसऱ्या फेरीत चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या. हवं तर त्यात अनुवाद, विनोद आणि कुमारांसाठीचं पुस्तक असे प्रकार बदलून घाला.

कवितेबरोबर नाटक जोडण्याचं कारण आहे. कवितासंग्रह लोक एका बैठकीत संपवतात आणि उरलेला महिना दुसरंच काही वाचतात. जोडीला नाटक असलं की महिनाभर पुरतं, आणि नाटक मोठ्यानं वाचता येतं.

मालकानं स्वतः वाचलेलंच पुस्तक चक्रात टाकावं, हा नियम थोडा कडक वाटेल, पण पाळा. 'बरेच दिवस वाचायचं होतं' म्हणून आणलेलं पुस्तक रटाळ निघालं तर त्याची शिक्षा पाच जणांना होते.

काही पुस्तकं मुळातच बाहेर काढू नयेत: लेखकाची सही असलेली प्रत, बाजारात न मिळणारी आवृत्ती, आजोबांचं नाव लिहिलेलं पुस्तक. वाचनालयातून आणलेलं पुस्तक तर कधीच नाही. अनामत आणि दंड दोन्ही सभासदाच्या नावावर असतात, आणि परतीची मुदत तुमच्या चक्राला विचारून ठरत नाही.

पायरी ४: पुस्तकं मिळवा

घरात योग्य पुस्तक नसेल तर अप्पा बळवंत चौक आहेच. नवी पुस्तकं तिथे आणि बाजीराव रस्त्यावर मिळतात. जुनी घ्यायची असतील तर निवांत वेळ काढून जा आणि पैसे देण्याआधी एक काम करा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांनी बांधलेलं असतं. बांधणीत एखादा फॉर्मा राहून जातो किंवा दोनदा बसतो, आणि मग पान ९६ नंतर एकदम ११३ येतं. पान १६, ३२, ४८ असे टप्पे पकडत शेवटपर्यंत पानांचे आकडे तपासा; दोन मिनिटांचं काम आहे. जुन्या प्रतीत शेवटचं पान आणि अनुक्रमणिका जाग्यावर आहे ना तेही बघा, ती पानं सगळ्यात आधी सुटतात. नव्या प्रतीत असा दोष निघाला तर पावती घेऊन परत जा, दुकानदार बहुधा बदलून देतात.

पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरतो, म्हणजे चिठ्ठ्या टाकायच्या आणि पुस्तकं निवडायच्या नेमक्या दिवसांत. सहाही जण एकत्र गेलात तर निवडीचं मतदान तिथेच उरकतं. मात्र तिथे घेतलेलं पुस्तक मालकानं वाचून मग चक्रात टाकायचं असल्यानं शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका.

जून आणि डिसेंबरच्या मोकळ्या पुस्तकासाठी वाचनालयाची वर्गणी भरलेली बरी. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ सालचं. दुकानात न दिसणाऱ्या जुन्या पुस्तकांसाठी अशाच ठिकाणी आधी विचारावं. सहा जणांत दोघांनी सभासद व्हायचं ठरवलं तरी शोधाशोध बरीच कमी होते, फक्त आणलेलं पुस्तक ज्याच्या नावावर आहे त्यानंच वाचायचं.

पीडीएफबद्दल एकदाच सांगतो. गटावर येणाऱ्या फुकट पीडीएफ बहुतेक चोरीच्या असतात, त्या फिरवू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, आणि अशी बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोतावर कायदेशीरपणे वाचायला मिळतात. विकत घेतलेली छापील प्रत मित्राला वाचायला देण्यात काहीच गैर नाही. तिची झेरॉक्स काढून वाटण्यात आहे.

पायरी ५: क्रम राहत्या जागेवरून लावा

इथे बहुतेक गट चुकतात. क्रम आडनावांनुसार किंवा ग्रुपात कोण कधी आलं त्यानुसार लावतात, आणि मग निगडीच्या माणसाला दर महिन्याला कात्रजला पुस्तक पोहोचवावं लागतं. एप्रिलपर्यंत तो दमतो.

समजा सहा जण एका रेषेत राहतात: निगडी, चिंचवड, दापोडी, शिवाजीनगर, स्वारगेट, कात्रज. सरळ क्रमानं पुस्तकं फिरवली तर पाच टप्पे जवळचे पडतात, पण कात्रजहून निगडीला परत जाणारा टप्पा अख्ख्या शहराच्या लांबीचा. त्याऐवजी एकाआड एक जा आणि उरलेल्यांतून परत या:

निगडी → दापोडी → स्वारगेट → कात्रज → शिवाजीनगर → चिंचवड → निगडी

आता कुणालाच दोन ठिकाणांपलीकडे जावं लागत नाही. कागदावर सहा नावं रेषेत लिहा, १-३-५-६-४-२ असा क्रम लावा, झालं. कोथरूड-कर्वेनगर-वारजे किंवा खराडी-विमाननगर-कल्याणीनगर अशा पट्ट्यांनाही हीच युक्ती चालते.

या क्रमाचा उपयोग मुख्यतः भेट हुकली तर होतो. सगळे जमले तर क्रम कसाही असला तरी बिघडत नाही. पण दर महिन्याला एखादा तरी गैरहजर असतोच, आणि मग त्याचं पुस्तक आणून देणारा शेजारचा असावा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या दोन्ही मेट्रो मार्गिका सिव्हिल कोर्टला एकमेकींना मिळतात. कामाच्या दिवशी दोघांना पुस्तक बदलायचं असेल तर तिथलं स्थानक सगळ्यांत बिनभांडणाचं, बाहेरही पडावं लागत नाही. राहता राहिली घरपोच सेवा: दुपारी एक ते चार टाळावी, हे पुणेकराला सांगायची गरज नाही, पण गटात कुणी नुकतंच इथे राहायला आलेलं असू शकतं.

पायरी ६: पहिला रविवार

दिवस, वेळ आणि जागा वर्षभरासाठी एकदाच ठरवा. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी नऊ. 'सगळ्यांना जमेल तेव्हा' असा दिवस कॅलेंडरमध्ये नसतो. बाग चांगली, पण महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारच्या वेळात बंद असतात, म्हणून सकाळच. जून ते सप्टेंबर कुणाच्या तरी घरी किंवा ओळखीच्या अमृततुल्यात. तिथे सहा जणांनी एकेक चहा घेऊन तासभर बाकं अडवू नयेत. बन-मस्का, क्रीमरोल काहीतरी मागवत राहा.

भेटीत पहिली दहा मिनिटं फक्त अदलाबदल, गप्पा नंतर. उलटं केलं तर निघायच्या घाईत पुस्तकं भलत्या पिशवीत जातात. पुस्तक देताना दोघांनी मिळून ते एकदा चाळायचं: कव्हर, कणा, सुटलेली पानं. नवा ओरखडा दिसला तर तिथल्या तिथे बोलायचं. हे अवघड वाटतं, पण जूनमध्ये मालकानं 'हे कुणी केलं?' असं विचारणं त्याहून अवघड असतं.

आणि महत्त्वाचं: पुस्तक वाचून झालं असो वा नसो, त्या दिवशी ते पुढे जातं. 'फक्त चाळीस पानं राहिलीत, आठवड्यानं देतो' याला होकार दिला की काय होतं बघा. पुढच्याचा महिना रिकामा जातो. अडवणाऱ्याकडे मात्र मागून येणारं दुसरं पुस्तक आलेलंच असतं, म्हणजे त्याच्याकडे दोन. पुढच्या महिन्यात ती दोन्ही पुढच्याच्या गळ्यात पडतात, मग त्याच्याही पुढच्याच्या. एका माणसाच्या चाळीस पानांचा उशीर फेरी संपेपर्यंत सगळ्यांना पुरतो. राहिलेली पानं जूनमध्ये मालकाकडून मागून वाचावीत.

पायरी ७: नोंद एकाच ठिकाणी

व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे नोंदवही नाही. 'शुभ सकाळ' आणि लग्नाच्या फोटोंखाली कुठलं पुस्तक कुणाकडे ते तीन दिवसांत गाडलं जातं. एक गूगल शीट करा आणि तिची लिंक ग्रुपात वर पिन करा. रकाने सातच: क्रमांक, पुस्तक, मालक, सध्या कुणाकडे, कधी घेतलं, किती पानांपर्यंत, अवस्था. याहून जास्त रकाने केले तर भरणारा एकच उरतो, आणि तो वैतागतो.

अदलाबदल झाली की घेणाऱ्यानं, देणाऱ्यानं नव्हे, एक ओळ ग्रुपात टाकायची:

'पुस्तक ४, दापोडीहून स्वारगेटला, ५ एप्रिल. मलपृष्ठाचा कोपरा दुमडलेला, आधीचाच.'

नोंद ठेवणारा मुकादम दर दोन महिन्यांनी बदला, सहा जणांना बरोबर वर्ष पुरतं. मुकादमाचं काम शीट भरणं आणि पहिल्या रविवारच्या आधी गुरुवारी एक आठवण टाकणं, एवढंच. वाचलं का, आवडलं का, असं विचारत फिरणं नाही.

पायरी ८: पुस्तक फिरण्यासाठी तयार करा

पाच हातांतून जायचं म्हणजे थोडी डागडुजी हवी. पारदर्शक प्लॅस्टिकचं कव्हर घाला, पण चिकटपट्टी कव्हरलाच लावा, पुस्तकाला नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि काढताना कागद घेऊन येते. मालकाचं नाव पेन्सिलीनं आतल्या पहिल्या पानावर.

एखादं पान सुटलेलं असेल तर पांढऱ्या फेविकॉलचा अगदी बारीक पट्टा बांधणीकडच्या कडेला ब्रशनं लावा, पान नीट आत सरकवा, दोन्ही बाजूंना तेलकागद घाला आणि पुस्तक पाटाखाली वजन ठेवून दिवसभर दाबा. गोंद जास्त झाला तर शेजारचं पानही चिकटतं आणि पुस्तक सपाट उघडत नाही. घरी शिजवलेली कणकेची खळ जुन्या कागदाला मऊ पडते खरी, पण तिला कसर लागते.

मागच्या कव्हराच्या आत पोस्टकार्डाएवढा एक जाड कागद ठेवा, या चक्रातली सगळ्यात मजेची वस्तू हीच. प्रत्येकानं त्यावर तारीख आणि दोन-तीन ओळी लिहायच्या. 'आवडलं', 'छान आहे' असलं काही चालणार नाही. पुढच्या वाचकाच्या उपयोगाचं हवं. उदाहरणार्थ:

'मार्च. पहिली साठ पानं रखडलो, नातीगोती कळेनात. कार्डाच्या मागे वंशावळ काढली आहे, आधी ती बघा.'

'एप्रिल. वंशावळीत धाकट्या काकांची जागा चुकली होती, दुरुस्त केली. प्रकरण सात रात्री वाचू नका.'

पुस्तकात खुणा करायच्या की नाही हे मालक ठरवणार, तेही कार्डाच्या पहिल्याच ओळीत. परवानगी असली तरी पेन्सिल, आणि समासात बारीक टिंब. पिवळ्या मार्करनं पाचव्या वाचकासाठी वाक्यं आधीच निवडून ठेवण्यात त्याची मजा जाते.

पावसाळ्यात

पहिली फेरी जूनमध्ये संपते हे बरंच आहे. तरी दुसरीचे पहिले तीन महिने पावसातच. स्कूटरच्या डिकीत पुस्तक ठेवलं म्हणजे कोरडं राहतं हा समज सोडा. झिपची जाड पिशवी घ्या, आणि घरी पोचल्यावर पुस्तक तिच्यातून बाहेर काढा. बंद प्लॅस्टिकमध्ये कोंडलेल्या ओलाव्यानं आठ-पंधरा दिवसांत बुरशी येते. पिशवी प्रवासापुरती. घरात पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीला; मागे दोन बोटं जागा सोडा.

भिजलंच तर ताबडतोब पानं उलगडायला जाऊ नका, ओला कागद फाटतो. आधी टॉवेलमध्ये गुंडाळून हलकेच दाबा. मग दर पंधरा-वीस पानांनी टिश्यू किंवा कोरा कागद घाला आणि सुरुवातीला तासातासानं बदला. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. ओल कमी झाली की पुस्तक उभं करून, पानं पंख्यासारखी उघडी ठेवून, पंख्याच्या वाऱ्यात वाळवा. ऊन आणि इस्त्री दोन्ही टाळा, कागद वाकडा होतो आणि बांधणीचा गोंद सुटतो. जवळपास कोरडं झाल्यावर दोन दिवस वजनाखाली ठेवलं की पानांच्या लाटा बऱ्याच बसतात.

फोटोंसाठी गुळगुळीत आर्ट पेपर वापरलेला असेल तर घाई करा. ती पानं एकमेकांना लागून वाळली की कायमची चिकटतात. त्यांच्यामध्ये बटर पेपर सरकवा. तेवढा वेळ लगेच नसेल तर पुस्तक झिपच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. तिथे ना बुरशी येते ना पानं चिकटतात, आणि सवड मिळाल्यावर वाळवता येतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

बुरशी दिसली तर पुस्तक गच्चीत नेऊन, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशनं झटका. ओल्या फडक्यानं पुसलं तर ती कागदात मुरते. डांबराच्या गोळ्यांनी किडे दूर राहतात, बुरशी जात नाही.

हरवलं, फाटलं, आवडलं नाही

पहिल्याच भेटीत लिहून ठेवा: ज्याच्याकडे असताना हरवेल त्यानं नवी प्रत आणून द्यायची, मिळत नसेल तर मालक सांगेल ते तेवढ्याच किमतीचं दुसरं पुस्तक. जाणूनबुजून कुणी हरवत नाही, पण नियम आधी ठरलेला नसला की मालक 'जाऊ दे' म्हणतो आणि पुढच्या फेरीत भंगार पुस्तक आणतो. प्रत्येकी दोनशे रुपये सुरुवातीला गोळा केले तर बाराशे होतात. कव्हरं, कार्डाचा कागद आणि एखादी अर्धी नुकसानभरपाई त्यातून निघते.

पुस्तक आवडत नसेल तर पन्नास पानं वाचा, मग खुशाल सोडा. शीटमध्ये 'पान ५३ ला सोडलं' असं लिहायचं आणि ते बारात मोजायचं. न मोजलं तर लोक खोटं सांगतात. उरलेल्या महिन्यात हवं ते वाचा, पण पुस्तक ठरलेल्या रविवारीच पुढे जाईल, आधी नाही. नाहीतर पुढच्याकडे परत दोन जमतात.

ऐकीव पुस्तकं आणि किंडल जून-डिसेंबरच्या मोकळ्या पुस्तकासाठी चालतील. चक्रातलं पुस्तक कुणी ऐकून पूर्ण केलं तरी छापील प्रत त्याच्याकडूनच पुढे जायला हवी.

बोलायचं कधी

इथे एक अडचण आहे. नेहमीच्या वाचनकट्ट्यात सगळे एकच पुस्तक वाचतात. चक्रात दर महिन्याला सहा जण सहा वेगळी पुस्तकं वाचतात. मार्चमध्ये कुणी कादंबरीचा शेवट सांगितला तर अजून तिघांचं वाचायचं राहिलेलं असतं. म्हणून दर महिन्याच्या भेटीत प्रत्येकी तीनच मिनिटं, आणि कथानक वर्ज्य. भाषा कशी आहे, कुठे अडलो, कुठली माहिती नवीन होती, एवढंच. एखादा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवा, ते गोष्ट सांगण्यापेक्षा बरं.

खरी चर्चा जूनच्या पहिल्या रविवारी, सहाही पुस्तकं सगळ्यांची झालेली असताना. त्या दिवशी तीन तास काढा. आधी कार्डं मोठ्यानं वाचायची, मग भांडायचं.

दिवाळी अंक

१९०९ मध्ये 'मासिक मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरात मराठी वाचकाला पुस्तकाशी एकनिष्ठ राहणं जड जातं. त्याच्याशी झगडू नका. प्रत्येकानं एकेक वेगळा अंक विकत घ्यायचा आणि मोठ्या चक्राच्याच क्रमानं दर आठवड्याला पुढे सरकवायचा. सहा जणांना सहा अंक सहा आठवड्यांत होतात, खर्च एकाचा. हे बाराच्या हिशेबात धरू नका. अंकाची बांधणी कच्ची असते, तेव्हा तो पिनांच्या बाजूनं उलटा मुडपून वाचणाऱ्याला शेवटचा नंबर द्या.

डिसेंबरचा पहिला रविवार

दुसऱ्या फेरीची पुस्तकं मालकांकडे परत आली की आधी शीट आणि पुस्तकं समोरासमोर ठेवून बारा नोंदी जुळवा: पहिल्या फेरीची सहा, दुसरीची सहा. उरलेल्या पैशांचा हिशेब ग्रुपात टाका. जुनी शीट पुसू नका, नाव बदलून ठेवून द्या, कारण कुठलं पुस्तक आधी फिरलं ते पुढच्या निवडीच्या वेळी लागतं.

ज्याला थांबायचं आहे त्यानं याच दिवशी सांगायचं, जानेवारीत नाही. त्याच्या जागी नवा माणूस आला की तो राहतो कुठे ते विचारून क्रम पुन्हा लावा. जुन्या माणसाच्या जागेवर त्याला तसाच बसवू नका, नाहीतर वारज्याचं पुस्तक वाघोलीला जायला लागेल. मग चिठ्ठ्या टाका. गेल्या वर्षी ज्याला नाटक-कविता आली होती त्याला या वेळी त्या चिठ्ठीतून सूट द्यायला हरकत नाही.